सुट्या भागांचं इंग्लिश घर

पाचशे वर्षांचं इंग्लिश घर बघायला इंग्लंडला जावं लागत नाही. आमच्या मॉरिसव्हिलहून तीन तासांत व्हर्जिनियात पोचता येतं. हे शेजारच्या मालतीकाकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला ने." काकू ऐंशीच्या, निवृत्त डॉक्टर, काका गेल्यापासून एकट्या. मुलगी त्यांना कायमचं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला बोलावत होती, "आई, तुझं अख्खं घर इकडे आणू!" काकूंनी महिनाभर हो म्हटलं नव्हतं, नाहीही.

रस्ता सरळ आणि कंटाळवाणा. वाटेत शाकाहाऱ्यांच्या नशिबी फ्राइज, तेव्हा दशम्या नेलेल्या बऱ्या.

नदीकाठी हिरवळीवर ते घर उभं होतं. काळ्या लाकडाचा सांगाडा, मधे पांढरा गिलावा, खिडक्यांना छोट्या छोट्या चौकटींच्या काचा. काकूंनी उंबऱ्याशी बूट काढले. गाइडबाई दचकल्या.

त्यांनी सांगितलं, की गेल्या शतकात इथल्या एका श्रीमंताने इंग्लंडमध्ये मोडकळीला आलेलं हे घर विकत घेतलं, सुटं केलं आणि खोक्यांत भरून बोटीने आणलं! तुळयांच्या सांध्यांवर जुन्या सुतारांनी कोरलेले आकडे होते. कुठली कशात बसते, ते कळायला.

मी हबकलोच. "काकू, नैयायिकांच्या मते अवयव सुटे झाले की अवयवी, अख्खी वस्तूच, नष्ट. म्हणजे हे घर ते नव्हेच–"

"पंडित, दम खा. वास्तुशांत पुन्हा केली का विचार."

विचारलं. "पार्टी झाली असेल," गाइडबाई म्हणाल्या.

"आणि सगळं आणलं?" काकूंनी विचारलं.

"छे, आवडलं तेवढंच. दिवाणखाना छतापर्यंत उंच होता, मधे मजला टाकून बेडरूम, बाथरूम काढल्या."

"मग तिकडे इंग्लंडमध्ये आता काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही."

चार शतकं उभं राहायचं, आणि शेवटी कुणीतरी निवडून घेणार! काकू मात्र तुळईकडे बघत राहिल्या. "इथे नसतं आणलं तर?"

"पाडलंच असतं."

परतताना काकू एकच वाक्य बोलल्या, "बाथरूम चांगल्या काढल्यात हो."

रविवारी त्यांनी चहाला बोलावलं. काकांनी हौसेने टांगलेला झोपाळा खाली उतरवलेला. फळीवर स्टिकर: १. चार पितळी कड्यांवर २ ते ५. छतात नुसते हूक.

"हे हूक?"

"राहू देत. सगळं नेत नसतात."

कप घेताना त्यांच्या मनगटावर स्टिकर दिसला: ६.

"काकू, हे काय?"

"लेक विचारेल ना, हे कुठे बसवायचं."