काहून?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही — बायकोलाही नाही.

अमरावतीच्या ज्या खासगी शाळेने मला घडवले असे मी सभांतून सांगतो, तिच्याबद्दल आधी खरे बोलतो. वकिलांनी आपल्या पोरांसाठी काढलेली ती शाळा. ‘मले’ म्हणणाऱ्याला तिथे डोके नसते, असेच धरून चालत. कुणी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटले की वर्ग हसे. आणि सर्वांत मोठ्याने कोण हसे? मी. धामणगावकडच्या कास्तकाराचा पोरगा, घरातला पहिला शिकणारा — आल्या आल्या ‘मला-तुला’ घोकून घेतलेला. इतका लाचार पोपट तुम्ही पाहिला नसेल.

मॅट्रिकच्या वर्षी भूमितीला वानखडे मास्तर आले. आमच्याच बाजूचे, नोकरीत अजून कायम न झालेले. प्रत्येक पायरीला फळ्यावर खडू आपटून विचारत, “काहून?” उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नसत. भूमिती मला पहिल्यांदा त्यांच्यामुळे कळली — हे लक्षात असू द्या.

मास्तरांना ठेवायचे की काढायचे, ते ठरवायला कमिटीचे वकीलसाहेब एकदा वर्गात आले. “यांची भाषा मुलांना कळते का?” पोरे खुसखुसली. साहेबांनी मला उभे केले. “तू तर यांच्याच बाजूचा. तुला तरी कळतं ना?”

मास्तरांचा चेहरा खुलला. आपला पोरगा उभा राहिला होता ना!

“नाही, साहेब. मला कळत नाही.”

माझ्या आईची भाषा — आणि मला कळत नाही!

मास्तरांनी खडू खाली ठेवला. “काहून, बाबू?”

मागच्या बाकावरून कुणीतरी चिरक्या आवाजात तेच म्हटले, “काहून, बाबू?” वर्ग हसला. साहेब हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी भूमितीच्या तासाला दुसरे मास्तर आले.

मला कुणी धमकावले होते का? नाही. त्या पोरांनी मला आपल्यातला म्हणावे, एवढेच हवे होते. त्यांनी तेही म्हटले नाही.

परीक्षेत भूमितीला मी शाळेत पहिला आलो. सत्कारात साहेबांचे आभार मानले, शाळेचे मानले, घंटा देणाऱ्या शिपायाचेही मानले. मास्तरांचे नाव घेतले नाही.

आता माझ्या मुलाला मीच भूमिती शिकवतो. पायरी आली की थांबतो. मास्तरांचा शब्द तोंडाशी येतो. मी तो गिळतो आणि विचारतो — “का?”