पुढे कलंडणारं तोंड

वेल्डिंगचा जळका वास आला की लोहा गावातलं आमचं वर्कशॉप आठवतं. गुडघे गेल्यामुळे वडिलांना बंपरवर चढून इंजिनात वाकता येईना, आणि त्यांची जुनी पिकअप विकायची वेळ आली. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी बॉनेट, जाळी आणि दोन्ही मडगार्ड जोडून एकच तुकडा केला. तो पुढे कलंडावा म्हणून चेसिसच्या पुढच्या टोकाला ट्रॉलीचे बिजागर लावले. शेजारचा ट्रॉलीवाला मिस्त्री म्हणाला, "भाऊ, चांगल्या गाडीचं तोंड फोडून राहिले तुम्ही. परत बसंल का ते?" वडील म्हणाले, "न्हाई बसलं तर भंगारात मलाबी घालून ने." पहिल्यांदा बंद करताना ते दाराला घासलं. वडिलांनी बिजागर दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुढे सरकवले आणि पुन्हा ढकललं. या वेळी फटीतून काडेपेटीची काडी वरपासून खालपर्यंत न अडखळता फिरली. मिस्त्री खाली बसून बिजागराचं माप घेऊ लागला. "आता माप कशाला?" वडिलांनी विचारलं. "माझ्या गिऱ्हाइकाला लागंल ना भाऊ." वडिलांनी एका हाताने ते तोंड उघडलं आणि चाकाशेजारी ताठ उभं राहून इंजिनाचा पहिला नट सैल केला. शेवटपर्यंत त्यांनी त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नाही, हे सांगताना आजही माझा आवाज थोडा वर जातो.