मस्टरवरची शिपाई

पारोळ्याच्या एका खाजगी शाळेत मी चार वर्षं दुसरीचा वर्ग शिकवला. मस्टरवर मात्र मी शिपाई होते. मॅट्रिक झालेली, पण ट्रेनिंग नाही, म्हणून बाई म्हणून लावता येत नव्हतं. कागदावर दुसरीचे गुरुजी होते हेडमास्तरांचे मेहुणे. त्यांचं अमळनेरला कापडाचं दुकान. वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, ते इस्त्रीचे कपडे घालून एसटीने यायचे आणि माझ्या खुर्चीवर बसायचे. मी दाराशी उभी राहायची, घंटा द्यायची, साहेबांना पाणी द्यायची. आदल्या दिवशी पोरांना मीच बजावायची, "उद्या मला बाई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं." पोरं हसायची. मीही हसायची. कशाला हसत होते कोण जाणे.

धुळ्याच्या एका शाळेत जागा निघाली. शिकवण्याचा अनुभव हवा, ट्रेनिंगला शाळाच पाठवणार होती. अशी संधी पुन्हा आली नसती. मी हेडमास्तरांकडे दाखला मागितला. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिला, 'शिपाई म्हणून काम केले. वर्तणूक चांगली.' आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो दोनदा वाचला.

"हाई काय लिखेल शे व? तू तं मास्तरीण शे ना?"

गावभर सांगत फिरले होते बिचारे. मी दाखला त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि उगाच त्यांच्यावरच डाफरले. त्याची लाज मला अजून वाटते.

धुळ्याला मी दाखला पिशवीतून काढलाच नाही. मागाहून पाठवते म्हणाले. समोर तिघे बसले होते. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ, तपासणी खात्यातून निवृत्त झालेले.

"पारोळ्याला दुसरी शिकवलीत?" त्यांनी विचारलं. "मी तिथे तपासणीला आलो होतो. दुसरीला गुरुजी होते. दाराशी एक शिपाईबाई उभ्या होत्या. अगदी तुमच्यासारख्या."

शिपाई ठरले तर जागा गेलीच, म्हणून मी पटकन उत्तर दिलं.

"त्या वेगळ्या, साहेब. मी तेव्हा रजेवर असेन."

"असं होय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं त्याच आल्या. मी त्या वर्गाला पाढे विचारले. गुरुजी समोर बसलेले, पण प्रत्येक पोर उत्तर दिलं की दाराकडे बघायचं, बरोबर आलं का म्हणून. वर्ग कोणाचा ते मला तेव्हाच कळलं. त्या बाई आज आल्या असत्या, तर मी दाखलासुद्धा मागितला नसता."

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. बाकीचे दोघे कागद चाळत होते. 'ती मीच' एवढंच म्हणायचं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी मला कागद न बघता बाई म्हटलं होतं आणि त्या बाईला मीच ओळख दिली नव्हती. आता कबूल करावं तर खोटारडी ठरणार, म्हणून मी पदर सावरून उठले.

"भेटल्या तर सांगेन त्यांना," मी म्हणाले.