ट्रेलरातला दोर

अगं, अशी उभ्या उभ्या काय बोलतीस? ये, जवळ बस. चार महिन्यांत तोंड दाखवलं नाहीस आणि आता उभ्यानंच निघालीस होय? ऐक.

त्या साली आमच्या देवणीकडच्या गावात दोनच विषय. पाणी आणि नवा जिल्हा. जिल्ह्यासाठी भिंती रंगल्या, मोर्चे निघाले. विहिरीच्या तळाला मात्र वाटीनं भरण्यापुरतं पाणी. मोठं माणूस उतरलं की गाळ ढवळायचा, म्हणून हलक्या अंगाची पोर कमरेला दोर बांधून खाली सोडायची, अशी रीतच पडून गेली. माझ्या पुतण्याची लेक अशीच हलकी. वर दोर धरलेला तिच्या आईनं. पोरीला वर ओढताना तो कपारीला घासून तुटला. पोर गेली.

गाव म्हणालं, आईच्या हातून सुटला.  

माझी नात लातूरला कॉलेजात सिनेमा शिकायची. तिनं ह्याच्यावर पिक्चर काढायचं घेतलं. आधी काकूला, म्हणजे त्या पोरीच्या आईला, माझ्या पुतणसुनेला, विचारायला गेली. काकू एवढंच म्हणाली, "दोर तुटला ते दाखवशील?"

"दाखवीन, काकू."

"मग काढ."

पिक्चर झाला. मग म्हणे ट्रेलर करायचा, आधी दाखवायचा दोन मिनिटांचा तुकडा. "शेवट सांगायचा नसतो आजी. नुसत्या खुणा लपवायच्या, बघणाऱ्यानं ओळखत बसायचं. एक खूण तर मुद्दाम खोटी ठेवायची, लोक चकले पाहिजेत." मागं हलगी लावली होती. मी भांडले. म्हातारं माणूस गेलं तर वाजवीत नेतात, लेकराच्या मागं वाजवीत न्हाईत आपल्यात.

"आजी, तू लई कडक सेन्सॉर हायस," म्हणून हसली. हलगी काढली आणि माझ्याच गळ्यातली जात्यावरची ओवी घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तर त्या तुकड्यात घागरींची रांग, विहिरीच्या काठाला एक चप्पल, आणि शेवटी एक हात. त्या हातातून दोर निसटतो अन् अंधार. तीच ती खोटी खूण. हातही माझाच, अंगणात बसवून काढलेला.

पिक्चर राहिला लातूरच्या कॉलेजात. तुकडा मात्र दिवस मावळायच्या आत गावभर मोबाईलवर फिरला. टँकरच्या रांगेत बाया म्हणाल्या, "घ्या! घरच्याच पोरीनं दाखवलं. सुटलाच व्हता."

दुसऱ्या दिवशी भर उन्हाची पुतणसून माझ्या दारात. हातात फोन.

"आत्याबाई, आवाज तुमचा हाय न्हवं? हात बी तुमचाच?"

"अगं, ती खोटी खूण हाय. पिक्चरात खरं दाखवलंय पोरीनं."

"पिक्चर कोण बघतंय, आत्याबाई?"

एवढंच बोलली. तिच्या तळहातावरचा दोराचा वळ अजून काळा होता. तो तिनं मला दाखवलाही नाही, फोन धरला होता म्हणून दिसला. गेली, दार लावून घेतलं. तेव्हापासून रांगेत येत नाही. पाणी तिचा नवरा आणतो.

नात रडत आली. आपल्या फोनवरून तो तुकडा पुसला, पण गावाचे फोन कोण पुसणार? मग सगळा पिक्चर आणून माझ्या टीव्हीला जोडून दिला. काकूच्या दाराशी बसून राहिली बराच वेळ. दार उघडलं नाही.

आता रविवारी दुपारी मी तो लावते. आवाज मोठा ठेवते. बाया येतात, "बघितलाय की आम्ही," म्हणतात आणि उठतात. तो दोन मिनिटांचा तुकडा बघितलेला असतो गं त्यांनी.

तू तरी ये. एकटी नको, सासूला आण, जावेला आण. चहा बिनदुधाचा मिळेल, पण मिळेल. पिक्चर शेवटपर्यंत बघा, आणि कपारीला घासून दोर तुटतो ना, तिथं जरा मोठ्यानं बोला, "तुटला की गं!" तिच्या माझ्या घरात एकच भिंत आहे. ह्याच रविवारी ये.