आमच्या बेसमेंटमधला पिचर

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी मी पोळ्या करत होते आणि फोन माझ्या नवऱ्यानं, सुहासनं घेतला. पलीकडून कुणीतरी बोलत होतं आणि हा नुसता "येस मॅम, येस मॅम" म्हणत होता. फोन ठेवून तो म्हणाला, "कोडी गेला." मला आधी वाटलं, नोकरीसाठी कुठे दुसऱ्या गावी गेला... फोन नेब्रास्काहून कोडीच्या आईचा होता. दुखण्यावरच्या गोळ्या जास्त झाल्या, एवढंच तिला सांगता आलं.

कोडी नात्यानं आमचा कुणीच नव्हता. इथल्या, शिकागोकडच्या नेपरव्हिलजवळच्या एका छोट्या बेसबॉल टीमचा तो पिचर, म्हणजे समोरच्या बॅटरला बॉल टाकणारा. अशा टीममधली मुलं मोठ्या लीगच्या आशेवर खेळतात. घर भाड्यानं घेणं त्यांना परवडत नाही, म्हणून गावातले चाहते त्यांना उन्हाळाभर आपल्याकडे ठेवून घेतात. नागपुरात क्रिकेटवर वाढलेला सुहास इथे अमेरिकेत आल्यावर बेसबॉलच्या पार नादी लागला होता. २००४ च्या उन्हाळ्यात त्यानं मला न विचारताच आमचं नाव देऊन टाकलं आणि एका संध्याकाळी दार उघडलं तर चौकटीत डोकं वाकवून हा उभा, हातात आईनं दिलेला जॅमचा खोका. शेजारची मराठी मुलं आम्हाला काका-काकू म्हणायची, ते ऐकून तोही म्हणायला लागला. वरणभात चमच्यानं खायचा, न सांगता भांडी घासायचा आणि सुट्टीच्या दिवशी लॉन कापून टाकायचा.

सुहासला तो मैदानावर दिसायचा तसाच दिसे, उंच आणि शांत. मला मात्र मॅचच्या दिवशी बेसमेंटमधल्या बाथरूमचा नळ सोडल्याचा आवाज यायचा. मॅचच्या धास्तीनं त्याला उलट्या व्हायच्या, त्यांचा आवाज वर येऊ नये म्हणून तो नळ सोडायचा. मी काही विचारत नसे. जिन्याच्या पायरीवर आल्याचा चहा ठेवून यायचे, तो पिऊन कप धुऊन वर आणायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचा उजवा खांदा बिघडला. बर्फ लावून बसायचा, केस डाव्या हातानं विंचरायचा, आणि तरी बॉल टाकायला उभा राहायचा. अशाच एका मॅचमध्ये समोरच्या बॅटर्सनी त्याचे बॉल बेदम झोडपले. सगळं मैदान हुर्यो करत होतं, आमच्या मागचा एक माणूस तर घरी जा म्हणून ओरडत होता. सुहास भांडायला उठला, मी हात धरून त्याला खाली बसवलं. परतताना गाडीतही तो धुमसतच होता. तेव्हा मागच्या सीटवरून कोडी म्हणाला, "काका, त्यांचा माझ्यावर राग नाही. मी कोण हे त्यांना माहीतच नाही."

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरनं त्याला बोलावून टीममधून मोकळं केलं. सुहासनं त्याला खूप समजावलं, इथेच राहा, कॉलेज कर. तो मान हलवत राहिला आणि दुपारी गाडीत सामान भरून निघून गेला. त्यानंतरच्या मॅचला त्याचा नंबर दुसऱ्याच एका मुलाच्या पाठीवर होता. लोक टाळ्या वाजवत होते. आम्ही अर्ध्यातूनच उठून आलो. सुहास परत त्या मैदानावर गेला नाही.

गावी कोडीच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. मग छपरं दुरुस्त करण्याचं काम, परत दुखणं, गोळ्या... रविवारी फोन यायचा. एकदा तो सुहासला म्हणाला, "काका, मी आता खेळत नाही, तर माझ्याशी काय बोलायचं हे इथे कुणाला कळत नाही." सुहास त्याच्याशी तासभर पावसाबद्दल, मक्याबद्दल बोलत बसला. पुढे फोन कमी झाले. आम्ही करायचो तेव्हा निरोप ठेवा म्हणणारी मशीनच बोलायची.

अंत्यविधीला आम्ही आख्खं आयोवा राज्य ओलांडून गेलो. चर्चच्या हॉलमध्ये सगळे त्याचे युनिफॉर्ममधले फोटो होते आणि प्रत्येक जण त्याच्या शाळेतल्या मॅचेसबद्दलच बोलत होता. त्याच्या आईनं मला बाजूला नेलं आणि विचारलं, "तुमच्याकडे हसायचा का हो तो?"

हसायचा, मी म्हटलं. सुहास डायनिंग टेबलवर मीठ-मिरीच्या डब्या मांडून त्याला क्रिकेट समजावायचा, तेव्हा तर फार. तिनं ते मला परत सांगायला लावलं. मग माझा हात सोडून म्हणाली, "घरी आल्यापासून नाही हसला."

तो आला तेव्हा सुहासनं त्याच्यासाठी जास्तीच्या लांबीचा पलंग आणला होता, नेहमीच्या पलंगाबाहेर त्याचे पाय यायचे. परवा मी तो देऊन टाकायला माणसं बोलावली होती. सुहासनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. हल्ली शनिवारी जेवण झालं की तो खाली बेसमेंटमध्ये जाऊन त्या पलंगावर पडतो. झोपत नाही. मी धुतलेले कपडे घेऊन जाते आणि त्याच्या पायांच्या पुढे जी जागा उरते, तिथे बसून घड्या घालते. बरीच जागा उरते...