एका दमात वीस

माणूस कशावर तरी श्रद्धा ठेवल्याशिवाय जगत नाही. नास्तिकता हीसुद्धा शेवटी एक श्रद्धाच. हे वाक्य मी शाळेच्या स्नेहसंमेलनांत निदान दहा पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं आहे. भाषणानंतर चहा असायचा, त्यामुळे उलट कोणी विचारत नसे. मी तेच एकदा प्रश्नासारखं विचारलं, पण आमच्या गावच्या कंपाउंडरांना, आणि भलत्याच वेळी.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. देवळासमोरून जाताना हात जोडणार नाही, पण पुजाऱ्याची रक्तदाबाची गोळी संपत आली की आठवणीने घरी नेऊन देईल.

मारेगावकडच्या आमच्या गावापासून आरोग्य केंद्र नऊ किलोमीटर. मध्येच रस्त्याला लागून नागोबाचा ओटा. साप चावलेल्याला आधी त्या ओट्यावर निजवायचं आणि कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झाडायचं, हा रिवाज. कंपाउंडर राहायचे गावात, नोकरी केंद्रात. रोजचा रस्ता ओट्यावरूनच. तिथे गर्दी दिसली की ते गाडी थेट तिच्यात घालायचे. निजवलेल्या माणसाला कोणता साप, कुठे चावला, हे नंतर. आधी म्हणायचे, "एका दमात वीसपर्यंत मोज." विष श्वासावर चढायला लागलं की आकडा घसरतो.

एकदा बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, सुनेला ओट्यावर घेऊन आले होते. ती बारावर अडकली.

"उचला हिले," कंपाउंडर म्हणाले. "पहिले लस, मग देव."

"देव कोपीन, साहेब."

"कोपू द्या. मले कोपीन. सांगा त्याले, कंपाउंडरनं अडवलं."

सून वाचली. नायकांनी पाचव्या दिवशी ओट्यावर नारळ फोडला आणि अर्धा कंपाउंडरांना दिला. त्यांनी तो चटणीला वापरला.

ओट्यालाही यश होतंच. "बहुतेक साप बिनविषारी, गुर्जी," ते मला सांगायचे. "त्याचं पुण्य ओट्याच्या खात्यात."

तीन वर्षांपूर्वी, एका उन्हाळी सकाळी, अंगणातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगातून चुलीसाठी काटक्या ओढताना त्यांच्या बोटाला काहीतरी चावलं. ढिगात सरकणारी शेपटी तेवढी दिसली. मी शेजारी. हाक आली ती शांत होती, म्हणून मी जास्त घाबरलो.

"गुर्जी, गाडी काढा. हात हलवू नका माहा."

मागे बसल्याबरोबर ते मोजायला लागले. पहिल्या दमात सव्वीस. मला बरं वाटलं. गावाबाहेर एकोणीस. नाल्याच्या पुलावर चौदा. त्यांचं तोंड माझ्या कानाशी होतं. प्रत्येक आकड्यानंतरची हवा मला मानेवर लागत होती. मी वेग वाढवला की खड्डा यायचा, कमी केला की आकडा. रस्त्यावर ओळखीची माणसं हात करत होती. त्यांना वाटलं असेल, आम्ही बाजाराला निघालो.

"माह्या पापण्या पाहा, झुकल्या का. विष चढलं की झुकते," ते म्हणाले.

मी गाडी थांबवून पाहिल्या. त्या उघड्याच होत्या, जरा जास्तच.

ओट्यापाशी नायक बसले होते. आमचा अवतार पाहून ते सगळं समजले. आडवे आले नाहीत, पण सोबत पळत म्हणाले, "साहेब, फक्त हात लावा ओट्याले. एक मिनिट."

मी आरशात पाहिलं. कंपाउंडर ओट्याकडे बघत होते. मला वाटलं, आता थांबायला सांगतील. खरं सांगायचं तर, सांगावं असंही वाटलं.

"चालवा," ते म्हणाले, आणि पुन्हा मोजायला लागले. अकरा.

केंद्रात डॉक्टरांनी जखम पाहिली, रक्त गोठतं का हे पाहायला काचेच्या नळीत उभं करून ठेवलं, आणि आम्ही बाकावर बसलो. तेव्हा मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून. "तुमचीही श्रद्धाच की. तिकडे ओटा, इकडे लसीची बाटली."



"श्रद्धा असती तर भेलो नसतो, गुर्जी. ओट्यावरचा माणूस निवांत असते. मी लस घेतलेलेबी मरताना पाह्यले. मले माहीत आहे ती कधी कधी हारते. तरीबी इकडेच आलो."

 मी नळीकडे पाहिलं.

नळीतलं रक्त वेळेवर गोठलं. दुपारपर्यंत काहीच झालं नाही. डॉक्टर म्हणाले, साप बिनविषारी असावा. दम पुरत नव्हता तो भीतीने. लस द्यायची गरज नाही. संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊन त्यांनी घरी सोडलं.

परतताना ओटा यायच्या आधी कंपाउंडरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लस नाही घेतली हे कोणाले सांगू नका. बिना लसीचा वाचला म्हणतीन. उद्या खरा साप चावलेला ओट्यावरच मरीन."

मी सांगितलं नाही. गावात दोन पक्ष पडले, एक म्हणे नागोबाने वाचवलं, दुसरा म्हणे लसीने. कंपाउंडर दोघांनाही खोटं ठरवू शकत होते. ते गप्प राहिले. तो गप्पपणा त्यांना बोटापेक्षा जास्त दुखत असावा. आणि त्या उन्हाळ्यानंतर ओट्यावरून न थांबता पुढे जाणाऱ्या गाड्या वाढल्या.

मागच्या हिवाळ्यात ते गेले, झोपेत. शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. नायक रडत म्हणाले, त्या दिवशी साहेबांनी नुसती नजर टाकली, तेवढ्यावर नागोबाने जीवदान दिलं. सरपंच म्हणाले, लसीवरच्या अढळ श्रद्धेने ते वाचले. दोघांनाही टाळ्या मिळाल्या.

त्या दिवशी केंद्रात त्यांना फक्त धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं.