बोंबील, चिमणी आणि मोठे साहेब

"कोळशावरची वीज बंद करा" असं सरकारला सांगायला निघालात ना, की वीज बंद व्हायची तेव्हा होईल, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून सुरू! आमच्या मुलुंडच्या ग्रुपचे तर इतके साठलेत की मीटिंगमध्ये कामाचं बोलायला वेळच उरत नाही यार.

ग्रुप म्हणजे मी, कॉलेजात शिकवणारी श्वेता, रिटायर्ड इंजिनिअर जोशीकाका आणि हिरामावशी. मावशी कोळीण. खाडीकाठी बोंबील वाळत घालते आणि पलीकडच्या वीजकेंद्राची राख थेट त्यांच्यावर! काळे बोंबील घेणार कोण? आम्हाला पृथ्वी वाचवायचीय, मावशीला धंदा. घाई अर्थातच तिला जास्त.

*

पहिली मीटिंग सोसायटीच्या हॉलमध्ये. काका तावातावाने ओरडले, "कोळशाची वीज आजच्या आज बंद झालीच पाहिजे!"

आणि लाइट गेली.

अंधारात मावशीचा आवाज आला, "काका, जरा दमानं सांगायचं ना! श्वेता लिफ्टमध्ये असंल!"

खरंच अडकली होती.

*

मग काका म्हणाले, सुरुवात घरापासून. गच्चीवर सोलर लावू! सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने विचारलं, "लावा, पण पापड कुठे वाळवायचे?"

काका उसळले, "पापड महत्त्वाचे की पृथ्वी?"

"पापड!" सगळ्या बायका एका सुरात! आणि सगळ्यात मोठा आवाज जोशीकाकूंचा.

*

श्वेताने जुहू चौपाटीसाठी पुठ्ठ्याची चिमणी बनवली. झकास काळी, वरून कापसाचा धूर. आत मला घुसवलं. घामाने माझी वाट लागली होती, पण म्हटलं, लोक येतायत ना, जनजागृती होतेय!

एक जोडपं जवळ आलं. मी आतून जोशात ओरडलो, "कोळसा हटवा!"

नवरा म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण तंदुरी कितीला?"

*

आमचा अर्ज सरकारी ऑफिसात पडून होता. खालचा मजला म्हणायचा, "कोळसा वरच्यांकडे." वरचे म्हणायचे, "आम्ही फक्त धूर बघतो." शेवटी मावशी पुरावा घेऊन आली. पिशवीभर सुके बोंबील! खिडक्या बंद असलेल्या एसी ऑफिसात तिने गाठ सोडली मात्र, अख्खा मजला नाकाला रुमाल लावून उभा!

जनसुनावणीची तारीख आम्हाला तिथल्या तिथे मिळाली. "आता ते घेऊन जा हो" एवढीच अट होती.

*

आणि ती सुनावणी! वीजकेंद्राला मुदतवाढ द्यायची की नाही, हे ठरणार होतं. समोर मोठे साहेब, माइक, टायपिस्ट. इथे हुकलं की मावशीचा धंदा बसलाच. काकांनी भाषण ठोकलं. साहेबांनी जांभई दिली.

मावशी उठली. श्वेताने पाठ करून घेतलेलं सगळं साफ विसरली. म्हणाली, "साहेब, कधी बंद करणार तेवढं सांगा."

"पंधरा वर्षांत."

मावशी हसलीच. "पंधरा? कायपण काय! दोन बोला."

"अहो बाई, असं नसतं ते. बरं, बारा."

"तीन. ते पण तुमच्या तोंडाकडं बघून."

"दहा! कोळसा घेऊन ठेवलाय हो, परवडत नाही!"

"ऱ्हाऊ दे मग," म्हणत मावशीने पदर खोचला आणि चालायला लागली. मागे वळून बघणं नाही! दारापाशी पोचली, तेवढ्यात साहेब खुर्चीतून अर्धे उठून माइकवर ओरडले, "ओ मावशी! या इकडे! पाच, फायनल!"

साहेबांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

टायपिस्टने मान वर केली. "सर... पाच टाइप करू?"

सरांच्या आधी मावशी दारातून म्हणाली, "कर रे बाबा, कर! बोहनी आहे, मोडायची नसते!"